जाधवबाईंची पंधरा मिनिटं

घरगुती हिंसाचाराच्या केसची तारीख संपली की जाधवबाई नवऱ्याला थांबवून घ्यायच्या. "बसा, सही राहिलीय," एवढंच म्हणायच्या आणि बाकाकडे बोट दाखवायच्या. मग कपाटातून एक जाडजूड रजिस्टर काढायचं, त्याच्यावरची धूळ पुसायची, पेन शोधायचं, ते चालत नाही म्हणून दुसरं शोधायचं, नाव विचारायचं, आडनाव नीट सांगा म्हणायचं, तारीख चुकली म्हणून खोडायचं. या सगळ्याला पंधरा मिनिटं लागायची. तोवर त्याची बायको रेकॉर्ड रूमजवळच्या मागच्या जिन्याने उतरून, रिक्षा पकडून दिसेनाशी झालेली असायची.

ते रजिस्टर कशाचं होतं म्हणाल तर कशाचंच नाही. कुठल्याशा बंद पडलेल्या कामासाठी कधीतरी छापून आलेलं, कोरंच राहिलेलं. जाधवबाईंनी त्यात स्वतः पट्टीने रकाने आखले होते आणि भले भले नवरे त्यात गंभीर चेहऱ्याने सह्या करून जात होते. एक वकीलसुद्धा एकदा करून गेला. मी म्हटलं, "जाधवबाई, हे खोटं झालं की." तर म्हणाल्या, "खोटं कुठं मॅडम? सही राहिलेली म्हटलं, सही घेतली. मी खोटं बोलत नाय. मला जमतच नाय ते."

जाधवबाई आमच्या कोर्टात शिपाई होत्या आणि मी स्टेनो, म्हणजे साहेब सांगतील ते लघुलिपीत उतरवून टाइप करणारी. साहेब म्हणजे न्यायाधीश. कोर्ट ठाणे जिल्ह्यातलं; कुठलं ते सांगत नाही. माझी नोकरी अजून दोन वर्षं बाकी आहे आणि मी मुळात भित्री आहे, हे पुढे कळेलच. डोंबिवलीत एकटी राहते. आई गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, म्हणून की काय, कोर्टात जरा जास्तच बोलते.

बाई ठेंगण्या, रुंद बांध्याच्या. गणवेशाची साडी कडक इस्त्रीची, खांद्याला पिना आणि पितळी बिल्ला रोज घासलेला. त्यांचं मुख्य काम पुकारा करण्याचं, म्हणजे केस निघाली की दारात उभं राहून पक्षकारांची नावं मोठ्याने घ्यायची. आवाज असा की तळमजल्यावरचा चहावाला कप खाली ठेवायचा. पण हा आवाज फक्त नवऱ्यांसाठी. बाईचं नाव त्या कधीच ओरडल्या नाहीत. ती बसली असेल तिथे जाऊन, वाकून, हळू सांगायच्या, "चल गं, आपला नंबर लागला." मी विचारलं तर म्हणाल्या, "आधीच चार जणांनी तिला बघून ठेवलेलं असतंय. वर नाव कशाला वाटायचं?"

व्हरांड्यात बाक दोन. पूर्वी ते समोरासमोर असायचे, मध्ये फार तर चार पावलांचं अंतर. मी बारा वर्षं तिथून ये-जा केली आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. जाधवबाई बदलून आल्या आणि पहिल्याच आठवड्यात एक बाक उचलून त्यांनी थेट कोपऱ्यात नेला, मध्ये पाण्याचा कूलर आणि एक मोडकं कपाट ओढून आणलं. अधीक्षक चिडले. त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, आपण आत कागदावर लिहितो की ह्यानं तिच्या जवळ जायचं नाय. आणि लिहून होईस्तोवर बाहेर तिला त्याच्या समोरच बसवतो. तो हळूच काय काय बोलतो ते मी पाणी भरताना ऐकते. तुम्ही बसा एकदा तिथं." अधीक्षक बसले नाहीत, पण कपाटही हलवायला सांगितलं नाही.

त्यांचा आणखी एक नियम होता आणि तो त्या प्रत्येक बाईला पहिल्याच दिवशी सांगायच्या. "हे बघ, कोर्टाबाहेर मी तुला ओळखत नाय आणि तू मला ओळखायचं नाय." मला तो नियम तुसडा वाटायचा. एकदा कोर्ट सुटल्यावर आम्ही दोघी बाजारात भाजी घेत होतो. समोरून एक तरुण बाई आली, कडेवर मूल, हातात नवी कोरी पर्स. जाधवबाईंना पाहून तिचा चेहरा असा फुलला की मीच हसले. जाधवबाईंनी मेथीची जुडी उलटी करून मुळं बघितली आणि भाजीवालीशी भावावरून भांडायला लागल्या. ती बाई दोन क्षण थांबली आणि निघून गेली. मी चिडून म्हटलं, "अहो, काय हे! पोरगी भेटायला आली होती." बाई जुडी पिशवीत कोंबत म्हणाल्या, "तिच्या घरातली माणसं मला ओळखतात, मॅडम. माझ्या बाजूला ती दिसली की तिचा बाजार कुठला, टायम कुठला, सगळं कळलं. ती सुखात हाय, बघितलं ना आपण? झालं तर."

झालं तर, म्हणाल्या खऱ्या. पण पुढे स्टेशनपर्यंत दोनदा मागे वळून बघितलं. त्यांचा नवरा तरुणपणीच आजारात गेलेला, मूलबाळ नाही, आंबिवलीला एका खोलीत एकट्या राहायच्या. उल्हासनगरला एक भाचा होता, तो सणासुदीला यायचा. इतक्या बायकांना वाट काढून दिली आणि त्यातल्या एकीनेही कधी त्यांच्या दारात पाऊल टाकलं नाही, कारण त्यांनीच टाकू दिलं नाही. हे मला तेव्हा जाणवलं नव्हतं. घरी एकटं जेवताना जाणवायला हवं होतं.

अश्विनीची केस आली तेव्हा ती सव्वीस-सत्तावीसची असेल. चार वर्षांची मुलगी, परी. नवरा दिसायला अगदी सज्जन: पांढरा शर्ट, कपाळावर गंध, येता-जाता सगळ्यांना हात जोडणारा. त्याने अश्विनीच्या डाव्या कानावर असं मारलं होतं की तिला त्या कानाने ऐकू येत नव्हतं. म्हणून जाधवबाई तिच्या उजव्या बाजूला बसून बोलायच्या. ती माहेरी गेली तर हा तिथे जाऊन दार ठोठावायचा. तिने घर बदललं, फोनचं कार्ड बदललं. माहेरच्यांनाही न सांगता कोपरीत एका चाळीत वरच्या मजल्यावर खोली घेतली आणि ब्लाउजना हुक लावायचं काम धरलं. तो पत्ता कोर्टाला कळवणं भाग होतं. तिच्या वकीलबाईंनी तो एका कागदावर लिहून, नवऱ्याला प्रत न देता, थेट साहेबांच्या हातात दिला. तो कागद केसच्या फाइलमध्ये लागला.

आता माझ्याबद्दल. मी टायपिंगमध्ये चूक करत नाही. ही बढाई नाही, आमच्या इमारतीत कोणालाही विचारा. साहेबांनी नुसतं "अर्जदार" म्हटलं तरी मी फाइल चाळून तिचं पूर्ण नाव, वय, धंदा, ताजा पत्ता घालणार. त्या वेळचे साहेब तर अपुऱ्या पत्त्याचा कागद सहीविना परत पाठवायचे. अश्विनीच्या बाजूने अंतरिम आदेश झाला: नवऱ्याने तिच्या घराजवळ, कामाच्या जागी जाऊ नये, तिच्याशी संपर्क करू नये. मी तो टाइप केला. पहिल्या पानावर, वरच, तिचं नाव आणि त्याखाली फाइलमधून शोधून काढलेला कोपरीचा पत्ता. चाळीचं नाव, मजला आणि खोली नंबरासकट. आदेशाची प्रत दोन्ही बाजूंना फुकट द्यायची, असा कायदा आहे. मी दोन्ही बाजूंच्या प्रती नीट टाचून ठेवल्या.

त्या दिवशी अश्विनी आली नव्हती, त्यामुळे जाधवबाईंच्या रजिस्टरला काम नव्हतं. नवरा आला, हात जोडले, प्रत घेतली आणि गेला. दुपारचे दोन वाजले असतील. पाचच मिनिटांत जाधवबाई माझ्या टेबलाशी. "मॅडम, त्या अश्विनीच्या कागदाची आपली प्रत दाखवा." मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाल्या, "नवरे शेवटचं पान वाचतात, निकाल काय लागला ते बघायला. हा पहिल्याच पानावर थांबला. आणि हसला."

मी प्रत दिली. बाई सातवी शिकलेल्या, बोट ठेवून वाचायच्या. त्यांचं बोट त्या ओळीवर आलं आणि तिथेच राहिलं.

"हा कोपरीचा पत्ता नवा ना?"

"हो. जुना चालला नसता. साहेब..."

"हा कागद त्याला दिला आपण?"

टायपिंग बिनचूक होतं. त्यात एक वेलांटी चुकली नव्हती.

पुढची दहा मिनिटं मी फोन फिरवत होते. अश्विनीचा फाइलमधला नंबर जुना, बंद. वकीलबाई दुसऱ्या कोर्टात, फोन उचलत नव्हत्या. पोलिसांना लावला तर "माणूस पाठवतो" म्हणाले, कधी ते सांगितलं नाही. जाधवबाई तोवर पिशवी घेऊन उभ्या होत्या. "तो एकटा जायचा नाय, अश्विनी सांगायची," म्हणाल्या. "भावाला घ्यायला आधी डोंबिवलीला जाईल. तेवढाच टायम हाय आपल्याकडं." साहेब आत साक्ष घेत होते, परवानगी कोणाची घ्यायची? "मी जाते," म्हणाल्या. मीही येते, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बाई, सांभाळून."

कोपरीत काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. दार उघडं होतं. अश्विनी मांडीवर ब्लाउज घेऊन बसलेली, परी झोपलेली. जाधवबाईंना दारात पाहून ती उठून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "मावशी, ओळख दाखवू का?" हे सांगताना जाधवबाईंना हसू आलं आणि हसताहसता त्यांनी पदर डोळ्याला लावला. "म्हटलं, दाखव बाई, आणि पिशवी भर." झोपलेल्या पोरीला खांद्यावर टाकून त्या खाली उतरल्या. नवरा आणि त्याचा भाऊ त्यांच्यानंतर अर्ध्या तासाने आले. कुलूप तोडलं, शिलाई मशीन खाली फेकलं. रिकाम्या खोलीत माणूस इतकं करतो, तर भरलेल्या खोलीत काय केलं असतं, हा विचार मी अजून करते.

जाधवबाईंनी दोघींना आपल्या आंबिवलीच्या खोलीत नेलं. स्वतःचा नियम त्यांनी आयुष्यात एकदाच मोडला. घाईत बिल्ला काढायचा राहिला होता आणि कोपरीच्या चाळीतल्या शेजाऱ्यांनी तो पाहिला होता. आठ दिवसांत नवऱ्याचा तक्रारअर्ज आला: कोर्टाच्या शिपाईबाईने माझ्या बायकोला आणि मुलीला पळवलं. खाली हात जोडल्यासारखं "आपला नम्र".

चौकशी साहेबांच्या चेंबरमध्ये झाली. जबाब उतरवून घ्यायला स्टेनो लागतो, म्हणून मी होते. जाधवबाई उभ्या, मी बसलेली, हातात पेन्सिल.

"परवानगीशिवाय कार्यालय सोडलंत?"

"हो साहेब."

"का?"

"बाईचा पत्ता फुटला होता. तिला सांगायला गेलेले."

"कसा फुटला?"

"आदेशाच्या कागदावर होता."

"कागद कोणी तयार केला?"

मी पेन्सिल धरून वाट पाहत होते. जाधवबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "कागद कोर्टाचा होता, साहेब."

ते खोटं नव्हतं. मी ते वाक्य लघुलिपीत घेतलं, नंतर टाइप केलं, त्यांच्यापुढे सहीला ठेवलं. मान खाली घालून त्यांनी सही केली. आदेशावर सही साहेबांचीच, आणि त्यांनाही पहिल्या पानावरचं दिसलं नव्हतं. ते तरी काय पुढे विचारणार? बाईंना ठपका मिळाला आणि बदली झाली, दूरच्या तालुक्याला. नोकरीचं शेवटचं सव्वा वर्ष त्यांनी रोज दोन-दोन बस बदलून काढलं. निरोपाच्या दिवशी मी त्यांना साडी दिली. त्यांनी ती घेतली, हे मला त्यांच्या रागावण्यापेक्षा जड गेलं.

मला तोंड उघडायला दीड वर्ष लागलं. त्या साहेबांची बदली झाली, त्यांच्या जागी एक तरुण न्यायाधीशबाई आल्या. त्यांना मी दीड पानाचं टिपण लिहून दिलं. हिंसाचाराच्या केसमध्ये बाईचा पत्ता कुठल्याही कागदावर छापू नये, तो बंद पाकिटात वेगळा ठेवावा. आणि हे सुचायचं कारण म्हणजे अमुक केसमध्ये मी तो छापला होता, शिक्षा दुसरीला झाली. त्यांनी टिपण दोनदा वाचलं. मला वाटलं आता मेमो येणार. त्या एवढंच म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंत?" मेमो आला नाही. आठवड्याभरात पाकिटाची पद्धत सुरू झाली आणि पाकिटांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. न्यायाधीशांच्या लेखी हुकमाशिवाय पाकीट उघडायचं नाही. जाधवबाईंच्या मागे बाकही परत समोरासमोर आले होते, तेही नव्या मॅडमनी हलवून घेतले.

अश्विनीची केस तेव्हा शेवटाकडे आली होती. आपलं पाकीट द्यायला ती स्वतः आली. आता वेगळ्या गावात राहत होती, कुठल्या ते मी विचारलं नाही. जाताना म्हणाली, "मावशी बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, "निवृत्त झाल्या." ती म्हणाली, "त्यांनीच येऊ नको म्हणून सांगितलंय." पुढे अंतिम आदेश झाला, केस संपली.

त्याच आठवड्यात मी आंबिवलीला गेले. जाधवबाई वाळल्या होत्या. खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढे दोन फुलं आणि भिंतीशी एक छोटी गुलाबी प्लॅस्टिकची खुर्ची. मायलेकी तिथे तीन महिने राहिल्या होत्या. मी माझ्या टिपणाबद्दल सांगितलं, माफी मागितली, रडलेही. बाईंनी चहा ठेवला. "तुम्ही मुद्दाम केलेलं काय? सोडा," म्हणाल्या. मग खुर्चीकडे बघत बोलू लागल्या. "पोरगी रात्री माझ्या पोटावर पाय टाकून झोपायची. आजी म्हणायची. तो माणूस एकदा इथंवर आला, मॅडम. त्या दोघी दवाखान्यात गेलेल्या म्हणून वाचल्या. दुसऱ्या दिवशी मी अश्विनीला म्हटलं, बाई, आता तू दुसरीकडं जा. आणि कुठं जाते ते मला सांगू नको. मला कोणी विचारलं तर माझ्या तोंडातनं खरंच निघणार. मग मला ठाऊकच नको."

"अश्विनी आली होती कोर्टात," मी म्हटलं. बाईंनी हात वर करून मला थांबवलं. मग कप धुता धुता, पाठमोऱ्याच म्हणाल्या, "परी उंच झाली काय?"

परी आली नव्हती. आणि मी अश्विनीला तिच्याबद्दल एक प्रश्नही विचारला नव्हता. मी तसं सांगितलं. बाई "बरं" म्हणाल्या. निघताना दारात विचारलं, "ते पाकीट बंद म्हणजे बंदच ना? मध्येच कोणी उघडलं तर?" मी म्हटलं, "किल्ली माझ्याकडे आहे."

यंदा त्या गेल्या. झोपेतच. मला कळलं ते कोर्टाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, तीन दिवसांनी, हात जोडलेल्या चित्रांच्या रांगेत. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेले. भाचा आणि त्याची बायको, चाळीतले चार शेजारी, आमच्या कोर्टातले दोघं आणि मी. भंतेजींनी वंदना घेतली तेव्हा पंचवीस खुर्च्यांपैकी सोळा रिकाम्या होत्या. निघताना भाचा म्हणाला, "मॅडम, आत्याच्या जवळचं अजून कोणी असेल तर तुम्हीच कळवा. आम्हाला कोणी माहीतच नाय."

वकीलबाईंना फोन केला. त्यांच्याकडचा अश्विनीचा नंबर केव्हाच बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी मी कोर्टात लवकर गेले. कोणी आलं नव्हतं. कपाट उघडलं आणि तिचं पाकीट काढलं. लाखेखाली तारीख, माझीच सही. आत एक ओळ असणार, गावाचं नाव आणि घर नंबर. एक साधं पत्र टाकायचं: मावशी गेल्या, परीला सांग. नव्या मॅडमकडे हुकूम मागायला गेले असते तर त्यांनी विचारलं असतं, बाईच्या सुरक्षेसाठी हवंय का? आणि ते तसं नव्हतं. ते माझ्यासाठी हवं होतं. त्या सोळा खुर्च्या मला बघवल्या नव्हत्या म्हणून.

पाकीट हातात धरून मी बराच वेळ उभी होते. मग अधीक्षकांची पावलं वाजली. मी ते जागेवर ठेवलं आणि कुलूप लावलं. जाधवबाई गेल्याचं अश्विनीला अजून माहीत नाही.